लुगड्याची गाठ आणि गालातला बार

सत्तरीतल्या एका बाईंच्या कमरेवर उजव्या बाजूला जखम झाली होती. दीड वर्ष उलटलं तरी ती भरत नव्हती आणि तिच्या कडेच्या कातडीचा रंग उडाला होता. परकराची नाडी त्या तिथेच घट्ट आवळून बांधत आल्या होत्या. दुसऱ्या बाई साठी ओलांडलेल्या. त्यांनी चाळीस वर्षं रोज लुगडं नेसलं, तेही आत परकर न घालता. लुगडं जिथे कमरेत रुतायचं तिथे त्यांना दोन वर्षांपासून व्रण होता. तपासणीत दोघींनाही त्वचेचा कॅन्सर निघाला. दुसऱ्या बाईंचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. वर्धा आणि बिहारमधलं मधुबनी इथल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये ही माहिती एका वैद्यकीय नियतकालिकात छापली, आणि मग ‘साडीमुळे कॅन्सर’ अशा मथळ्यांची लाट आली.

साडीला घाबरायचं काहीच कारण नाही. कोट्यवधी बायका जन्मभर साडी नेसतात आणि असे रुग्ण अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आढळतात. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरला किंवा नाडी सैल बांधली, कमरेवर काळा वळ दिसताच किंवा खाज सुटताच गाठीची जागा बदलली, की प्रश्न मिटतो. तरीही या दोन बायांची हकिगत मला महत्त्वाची वाटते. कॅन्सर आणि रोजची राहणी यांचं नातं इतकं उघड, डोळ्यांना दिसेल असं फार क्वचित समोर येतं. कापूस विषारी नसतो, नाडीही विषारी नसते. पण तेच घर्षण, त्याच जागी, रोज, चाळीस वर्षं चालू राहिलं. कातडी सोलवटली, भरली, पुन्हा सोलवटली. जखम भरून काढायला पेशींना विभागावं लागतं, आणि विभागताना प्रत्येक वेळी आपल्या जनुकांची नवी प्रत काढावी लागते. त्या प्रतीत अधूनमधून चुका राहतात. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करतं किंवा बिघडलेली पेशीच मारून टाकतं. विभागणीच्या फेऱ्या जितक्या जास्त, तितकी एखादी घातक चूक निसटण्याची शक्यता वाढते. अशा अनेक चुका एकाच पेशीच्या वंशात साठल्या की ती पेशी थांबायचं विसरते.

हे निरीक्षण आपल्याकडे जुनं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर काम करत असत. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, सहकारी सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी रूढींमुळे होणाऱ्या तीन कॅन्सरांची नोंद केली. पहिला होता कमरेला कसून बांधलेल्या धोतराचा. दुसरा खैनीचा: तंबाखू-चुन्याची चिमूट खालच्या ओठाच्या आत धरून ठेवल्यामुळे नेमका तिथेच होणारा. तिसरा आंध्र किनाऱ्यावरचा, चुट्टा नावाची चिरूट पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा. काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसणाऱ्यांना पोटावर आणि मांडीवर होणारा कॅन्सर तर त्याआधीपासून डॉक्टरांना ठाऊक होता. कॅन्सरने कुठली जागा धरली आहे ते पाहून माणूस काय नेसतो, काय चघळतो, कशाने ऊब घेतो हे सांगता येत होतं.

आज हे सारं वाचताना मनात येतं की खानोलकरांच्या यादीतला धोतराचा कॅन्सर जवळजवळ नाहीसा झाला, खैनीचा मात्र नाही. उलट त्याच्या बहिणी वाढल्या.

भारतात दर वर्षी कॅन्सरचे सुमारे चौदा लाख नवे रुग्ण आढळतात, असा २०२२ सालचा जागतिक अंदाज सांगतो. त्यात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण जवळपास एक लाख त्रेचाळीस हजार. भारतीय पुरुषांत हा पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर आहे. युरोप-अमेरिकेत सिगारेट आणि दारूमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर मुख्यतः जिभेवर आणि जिभेखाली दिसतो. आपल्याकडे तो गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत जास्त दिसतो, आणि त्या खाचेत आपण काय ठेवतो हे सांगायला नको.

तळहातावर तंबाखू घ्यायची, डबीतला चुना लावायचा, अंगठ्याने मळायचं, थाप मारून धूळ उडवायची आणि बार भरायचा. या प्रत्येक पायरीत रसायनशास्त्र आहे. तंबाखूचं पान वाळवून मुरवताना त्यातल्या निकोटीनसारख्या द्रव्यांपासून नायट्रोसामाइन तयार होतात. कॅन्सर घडवणाऱ्या द्रव्यांत त्यांचं स्थान वरचं आहे. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होतं आणि निकोटीन मोकळं होऊन गालाच्या नाजूक अस्तरातून झपाट्याने रक्तात शिरतं. म्हणूनच तर चुन्याशिवाय तंबाखू ‘लागत’ नाही. तोच चुना अस्तर भाजतो आणि घातक द्रव्यांना आत जायची वाट सोपी करतो. भाजलेलं अस्तर भरून काढायला पेशी विभागत राहतात, आणि विभागणाऱ्या पेशींच्या अंगावर नायट्रोसामाइनचा लेप तासन् तास बसलेला असतो. कमरेच्या व्रणात फक्त घर्षण होतं. इथे घर्षण, भाजणं आणि विष तिन्ही एकत्र आहेत, आणि दिवसातून एकदा नाही तर दहा-पंधरा वेळा.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रामुख्याने चघळण्याचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे निघाले आणि २४.४ टक्के बिनधुराची तंबाखू वापरणारे. पडद्यावरच्या सिगारेटखाली इशारा देऊन आपण जणू कर्तव्य पार पाडतो. राज्यातली बहुतेक तंबाखू मात्र धूर न काढता, कुणाला न दिसता, गालात बसलेली असते. त्याच पाहणीत बायकांचं प्रमाण १६.६ टक्के होतं, म्हणजे साधारण सहा बायकांमागे एक. त्यांच्यापैकी पुष्कळजणींना आपण तंबाखू खातो असं वाटतच नाही, कारण त्या मशेरी लावतात.

तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर घासायची. दात दुखतो म्हणून आईने किंवा सासूने दिलेली चिमूट पुढे सकाळ-दुपार-संध्याकाळची गरज होते. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, कामाला हात चालत नाहीत. हे अनुभव खोटे नाहीत. निकोटीन आतड्यांना चालना देतं, भूक दाबतं, आणि ते वेळेवर मिळालं नाही की डोकं दुखतं. उसाच्या फडात पहाटेपासून राबणाऱ्या बाईला भूक दाबणारी स्वस्त गोष्ट हवी असते, हे तिला उपदेश करण्याआधी समजून घ्यायला हवं. पण तव्यावर जे घडतं तेही तिला कुणीतरी सांगायला हवं.

ते समजायला थोडं मागे जावं लागतं. लंडनमधले शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये नोंदवलं होतं की धुराडी झाडणाऱ्या मुलांना मोठेपणी वृषणाच्या कातडीचा कॅन्सर होतो, आणि त्याचं कारण कातडीच्या घड्यांत साचणारी काजळी आहे. पुढे १९१५ च्या सुमारास जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशांच्या कानांना कोळशाचं डांबर लावायला सुरुवात केली. काही आठवड्यांत काही झालं नाही. ते महिनोन् महिने लावत राहिले आणि अखेर कानांवर कॅन्सर उगवला. १९३० च्या दशकात त्या डांबरातलं एक मुख्य घातक द्रव्य वेगळं काढता आलं: बेंझोपायरीन. सेंद्रिय पदार्थ अर्धवट जळला की ते तयार होतं. काजळीत ते असतं, सिगारेटच्या धुरात असतं आणि तव्यावर काळ्या भाजलेल्या मशेरीतही असतं. म्हणजे कच्च्या तंबाखूतलं विष कायम ठेवून त्यात धुराड्यातलं विष मिसळायचं आणि ते हिरड्यांवर चोळायचं. मुंबईत गरोदर स्त्रियांच्या एका अभ्यासात तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं, आणि त्यांतल्या बहुतेकींची तंबाखू मशेरीच्या रूपातली होती.

आता सुपारी. तिच्याबद्दल लिहिताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तिच्यावर कुणाचा संशयच नाही. लग्न ठरलं की सुपारी फुटते. पूजेत गणपतीच्या जागी ती बसते. श्रीवर्धनचा रोठा ही कोकणाच्या अभिमानाची गोष्ट आहे. पूजेतल्या सुपारीला कुणी बोट लावू नये. प्रश्न फक्त ती चघळण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था फ्रान्समध्ये लिआँ इथे आहे. तिने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीला, माणसात कॅन्सर घडवणारा निश्चित घटक ठरवलं. “मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो” हे वाक्य म्हणूनच दिलासा देणारं नाही. लग्नाच्या पंगतीनंतर लहान मुलांच्या हातावर गोड सुपारी ठेवणाऱ्या प्रेमळ माणसांना हे कळावं असं मला मनापासून वाटतं.

सुपारीतलं अरेकोलीन गालाच्या आतल्या तंतू विणणाऱ्या पेशींना डिवचतं. सुपारीतलं तांबं त्या तंतूंना एकमेकांत घट्ट गुंफणाऱ्या विकराला बळ देतं. मऊ गाल आतून काथ्यासारखा ताठ होत जातो. आधी तिखट झोंबू लागतं, मग शिट्टी वाजवता येत नाही, गाल फुगवता येत नाहीत, आणि शेवटी तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. या आजारात दोन, एक, कधी तेवढंही नाही. सुपारी सोडल्यावर आजार पुढे सरकणं थांबू शकतं, पण झालेला ताठरपणा सहसा पूर्ण मागे फिरत नाही. केरळमध्ये अशा रुग्णांचा सतरा वर्षं मागोवा घेतला तेव्हा सुमारे साडेसात टक्क्यांना पुढे कॅन्सर झाला होता. विदर्भातला खर्रा आणि इतरत्रचा मावा यांत सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेले असतात. म्हणून विशी-पंचविशीतल्या पोरांची तोंडं बंद होताना दिसतात. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, ते योग्यच झालं. पण कारखान्यातली पुडी थांबवणारा कायदा टपरीवर पन्नीत घोटल्या जाणाऱ्या खर्ऱ्याशी फारसा झगडू शकलेला नाही.

यात दारूची भर पडली की हिशेब बेरजेचा राहत नाही, गुणाकाराचा होतो. दारूचं शरीरात ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते जनुकांना थेट इजा करतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन या सात ठिकाणच्या कॅन्सरांशी दारूचं नातं पक्कं ठरलेलं आहे. ‘वाइन हृदयाला चांगली’ असं ऐकून रोज पेला भरणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

तोंडाकडून फुप्फुसाकडे वळू. चीनच्या युनान प्रांतातल्या शुआनवेई भागात धूम्रपान न करणाऱ्या बायकांनाही फुप्फुसाचा कॅन्सर विलक्षण प्रमाणात होत असे. कारण होतं घरात धुराडं नसलेल्या चुलीत जळणारा धुरकट दगडी कोळसा. १९७० च्या दशकापासून तिथे धुराडी बसू लागली आणि धोका सुमारे चाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांनी उतरला. हा फरक स्पष्ट दिसायला दहा वर्षं जावी लागली. आपल्याकडच्या चुलीत मुख्यतः लाकूड, काटक्या, गोवऱ्या जळतात. त्यांच्या धुराला लिआँच्या संस्थेने ‘बहुधा कॅन्सरकारक’ म्हटलं आहे, कोळशाच्या धुराइतका पक्का पुरावा नाही. पण त्या धुराने फुप्फुसाचे इतर विकार होतात हे निर्विवाद आहे, म्हणून गॅस घरात येणं आणि तो परवडत राहणं ही आरोग्याचीच गोष्ट आहे. शहरातली हवा, डिझेलचा धूर, ॲस्बेस्टॉसची धूळ हे तिन्ही निश्चित घटकांच्या गटात आहेत. ॲस्बेस्टॉस मिसळलेला सिमेंटचा जुना पत्रा छपरावर शाबूत असताना फारसा त्रास देत नाही. तो कापताना, फोडताना, भोकं पाडताना सुटणारी धूळ मात्र फुप्फुसात बसली की वीस ते पन्नास वर्षांनी हिशेब मागते. ते काम करणाऱ्या मजुराच्या तोंडाला बहुधा नुसता रुमाल बांधलेला असतो.

‘निश्चित घटक’ या गटाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण मोबाइलवर फिरणारे बहुतेक भीतीदायक संदेश इथेच घसरतात. हे गट पुराव्याची खात्री सांगतात, धोक्याचा आकार सांगत नाहीत. २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, बेकन वगैरे, सिगारेटच्याच गटात गेलं आणि ‘सॉसेज सिगारेटइतकंच वाईट’ असा गाजावाजा झाला. तेव्हाचेच अंदाज पाहा: जगभरात प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अतिरेकामुळे वर्षाला सुमारे ३४ हजार कॅन्सर-मृत्यू, हवेच्या प्रदूषणामुळे दोन लाखांहून अधिक, दारूमुळे सहा लाख आणि तंबाखूमुळे दहा लाख. मोबाइलच्या लहरी २०११ पासून ‘शक्यता नाकारता येत नाही’ अशा, कमकुवत पुराव्याच्या गटात आहेत. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या भाताने कॅन्सर होत नाही. मायक्रोवेव्हची धास्ती घेणाऱ्या घरात जेवणानंतर सुपारीची तबकडी फिरते, हे दृश्य मला अस्वस्थ करतं.

कॅन्सर जगण्याच्या रीतीबरोबर कसा बदलतो हे पाहायला महाराष्ट्रासारखी जागा नाही. मुंबईत १९६३ मध्ये देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. मुंबईच्या वह्यांत बायकांचा पहिला कॅन्सर स्तनाचा, तर बार्शीत दीर्घकाळ गर्भाशयमुखाचा. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूच्या रेंगाळलेल्या संसर्गाने होतो. लहान वयातलं लग्न, अनेक बाळंतपणं, तपासणीचा अभाव यांची त्याला साथ मिळते. तो टाळता येतो याचा एक मोठा पुरावा आपल्याच मातीतला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर झालेल्या चाचणीत आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे या कॅन्सरचे मृत्यू आठ वर्षांत जवळपास निम्म्यावर आले. ते निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आता मुलींसाठी लसही आहे. स्तनाच्या कॅन्सरची कथा अधिक गुंतागुंतीची. उशिरा मूल, कमी मुलं, कमी काळ स्तनपान, पाळी थांबल्यानंतरचं वाढतं वजन, बैठं काम, दारू. यातलं काही शिक्षण आणि स्वातंत्र्याबरोबर आलं आहे आणि ते मागे न्यावं असं कुणीही म्हणणार नाही. वजन, चालणं-फिरणं आणि दारू एवढं मात्र हातात आहे. बाळाला पाजणंही थोडं राखण करतं: एकूण बारा महिन्यांच्या स्तनपानामागे धोका सुमारे चार टक्क्यांनी घटतो.

इथे थांबून एक सांगितलं पाहिजे. ज्यांना कॅन्सर झाला त्यांनी काहीतरी चुकीचं केलं असणार, असा अर्थ यातून कुणी काढू नये. पेशी विभागताना निव्वळ दैवाने होणाऱ्या चुका असतात, घराण्यातून आलेली जनुकं असतात. कधीही सुपारी न चघळलेल्यालाही तोंडाचा कॅन्सर होतो. रुग्णाला भेटायला गेल्यावर “काही खायचे का हो?” हा प्रश्न विचारू नये. ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्यासाठी ही सारी माहिती आहे.

त्यांच्यासाठी सर्वांत मोलाचे आकडे ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या पाहणीतले आहेत. रिचर्ड डॉल यांनी १९५१ मध्ये ती सुरू केली आणि पन्नास वर्षं चालवली. सिगारेट ओढत राहणारे डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांनी ती दहाही वर्षं परत मिळवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, साठीत सोडणाऱ्यांनी तीन. इतकी वर्षं ओढली, आता काय उपयोग, असं म्हणणाऱ्या प्रत्येक काकांना हे साठीतलं तीन वर्षांचं दान दाखवावं. तोंडाच्या बाबतीत तर आणखी एक सोय आहे: तिथला धोका डोळ्यांना दिसतो. केरळमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, तेव्हा तंबाखू आणि दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

ही तपासणी घरी करता येते. महिन्यातून एकदा, चूळ भरून, चांगल्या उजेडात आरशासमोर उभं राहायचं. दोन्ही गाल बोटाने ताणून आतलं अस्तर पाहायचं, ओठ उलटायचे, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा पाहायच्या, मग ती टाळूला लावून खालची जागा पाहायची. बार जिथे ठेवला जातो ती जागा जास्त निरखायची. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, कारण नसताना हलणारा दात, गळ्यात लागणारी गाठ, तीन बोटं न मावणारं तोंड, यांपैकी काहीही दिसलं तर दंतवैद्याकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जायचं. ते दुखत नसलं तरी जायचं, कारण सुरुवातीला ते दुखत नाही. सोडायची इच्छा आहे पण जमत नाही, अशांसाठी १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. पहिल्या प्रयत्नात न सुटलेली तंबाखू दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुटलेली पुष्कळ माणसं आहेत.